पेशींची पकड सुटते म्हणून कर्करोग पसरतो, की पकड बदलते म्हणून?

सदरकर (धागाकर्ता)
नमस्कार. माझ्या मावशीच्या स्तनातील गाठीचा तपासणी अहवाल नुकताच आला असून त्यात ‘इन्व्हेजिव्ह लोब्युलर कार्सिनोमा, ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ अशी नोंद आहे. नागपूरच्या रामदासपेठेत उपचार नीट सुरू आहेत, त्यामुळे हा धागा वैद्यकीय सल्ला मागण्यासाठी नाही. मला प्रश्न पडला आहे तो त्या ‘निगेटिव्ह’चा. ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे प्रथिन आहे आणि ते नाहीसे झाले की पेशी सुट्या होऊन शरीरभर पसरतात, असे मी वाचले आणि ते पटले. त्यानंतर मात्र असेही वाचनात आले की रक्तात एकट्या फिरणाऱ्या कर्कपेशींपेक्षा एकमेकींना चिकटलेल्या पेशींचे पुंजके अधिक घातक ठरतात, आणि काही प्रयोगांत तर ई-कॅडहेरिन काढून टाकल्यावर प्रसार कमी झाला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? येथे पॅथॉलॉजी आणि जीवशास्त्राशी संबंधित बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारतो आहे.

खामलेकर
जागा धरून ठेवतो. समजले नाही तरी शेवटपर्यंत वाचणार आहे.

सूक्ष्मदर्शी
सदरकर, मी धंतोलीत पॅथॉलॉजीचे काम करतो, तेव्हा अहवालापासूनच सुरुवात करतो. स्तनाच्या आक्रमक कर्करोगांपैकी साधारण १० ते १५ टक्के लोब्युलर प्रकारचे असतात, आणि त्यांतील बहुतेकांत ई-कॅडहेरिन दिसत नाही. हे प्रथिन दाखवणारा रंग आम्ही काचपट्टीवरील तुकड्याला प्रामुख्याने गाठीचा प्रकार निश्चित करण्यासाठी लावतो. त्यामुळे ‘निगेटिव्ह’ म्हणजे ‘जास्त वाईट’ असा अर्थ कृपया काढू नका. काही लोब्युलर गाठींत हे प्रथिन दिसतेही, पण ते काम करत नसते. म्हणून शंका असल्यास आम्ही सोबत पी-१२० कॅटेनिन या ई-कॅडहेरिनला आतून जोडलेल्या प्रथिनाचाही रंग पाहतो. ई-कॅडहेरिन शाबूत असेल तर पी-१२० पेशीच्या कडेला रेघेसारखे दिसते, आणि नसेल तर ते आतल्या द्रवात सर्वत्र पसरलेले दिसते.

आता हे प्रथिन करते काय ते पाहू. त्याचा एक भाग पेशीबाहेर असतो आणि शेजारच्या पेशीच्या तशाच प्रथिनाला पकडतो. या बाहेरच्या भागाला ताठ राहण्यासाठी कॅल्शियम लागते. पेशीच्या आत त्याचे शेपूट बीटा-कॅटेनिन व अल्फा-कॅटेनिन या प्रथिनांमार्फत ॲक्टिनच्या तंतूंच्या सांगाड्याशी जोडलेले असते. म्हणजे दोन पेशींची नुसती कातडी कातडीला चिकटलेली नसते, त्यांचे सांगाडे एकमेकांना जोडलेले असतात. ही जोडणी नसल्यामुळेच लोब्युलर कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकामागे एक अशा रांगेत तंतूंमधून शिरलेल्या दिसतात. याचा व्यावहारिक परिणाम असा की हाताला स्पष्ट गोळा लागत नाही, मॅमोग्राफीतही ही गाठ पुष्कळदा लपते, आणि डॉक्टर एमआरआय सांगतात तो याच कारणाने.

मृण्मयी
माहितीपूर्ण प्रतिसाद. या प्रथिनाचा शोध कसा लागला याविषयी कोणी सांगू शकेल का?

पेशीजाल
मृण्मयीताई, तो शोध प्रयोगशाळेतील एका बारीकशा फरकातून लागला. जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची १९७० च्या दशकात क्योतोहून बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले. क्योतोमध्ये ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर लावून सुट्या केलेल्या पेशी काही वेळाने पुन्हा एकत्र येत, पण बाल्टिमोरमध्ये त्याच जातीच्या पेशी एकत्र येईनात. कारण शोधले तेव्हा लक्षात आले की अमेरिकेतील ट्रिप्सिनच्या द्रावणात ईडीटीए मिसळलेले होते आणि ते कॅल्शियम खेचून घेत होते. कॅल्शियम असेपर्यंत पेशींना बांधणारे प्रथिन ट्रिप्सिनपासून सुरक्षित राही, आणि कॅल्शियम गेले की ट्रिप्सिन ते तोडून टाकी. यातूनच पुढे कॅडहेरिनचे संपूर्ण कुटुंब हाती लागले. प्रयोग बिघडला म्हणून द्रावण फेकून न देता त्याचे कारण शोधत बसणारा माणूस मला नेहमीच आदरणीय वाटत आला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘पकड सुटली की पसरतो’ या मताला भक्कम आधार आहे. १९९१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की प्रयोगशाळेत आक्रमक झालेल्या पेशींना ई-कॅडहेरिन परत दिले तर त्यांची घुसखोरी कमी होते. पुढे स्नेल, ट्विस्ट, झेब-१ ही जनुके बंद-चालू करणारी प्रथिने समजली. ती ई-कॅडहेरिनचे उत्पादन थांबवतात. त्यांच्यामुळे आवरणातील स्थिर पेशी लांबट, फिरत्या पेशीसारखी वागू लागते. गर्भाच्या वाढीत हेच रूपांतर नित्य घडते. कर्करोग तीच यंत्रणा वापरतो. आणि येथे लक्ष द्यावे अशी गोष्ट ही की अशी पेशी पकड पूर्णपणे सोडत नाही. पुष्कळदा ती ई-कॅडहेरिन टाकून एन-कॅडहेरिन धारण करते, आणि त्याच्या साहाय्याने संयोजी ऊतीतील पेशींशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी संबंध जोडते.

अजनी_निवृत्त
मी आयुष्यभर रेल्वेत नोकरी केली, तेव्हा माझ्या पद्धतीने समजून घेतो, चुकत असल्यास सांगावे. नागपूर स्थानकात एका गाडीचा डबा काढून दुसऱ्या गाडीला लावत, तेव्हा कपलिंग सुटणे हा शंटिंगचा अर्धाच भाग असे. कोठेच न जोडलेला डबा यार्डात उभा राहतो, तो कोठेही पोहोचत नाही. पेशीचेही असेच म्हणायचे का?

पेशीजाल
काका, अगदी हेच. किंबहुना जिला कोठेच पकड नाही अशी सामान्य पेशी नुसती उभीही राहत नाही, ती स्वतःला संपवते. स्टीव्हन फ्रिश यांनी १९९४ मध्ये हे दाखवले आणि या मृत्यूला ‘अनॉइकिस’ असे नाव मिळाले. आवरणातील पेशी आपल्या खालच्या आधाराच्या थराला, म्हणजे तिच्या पायाभूत थराला, इंटेग्रिन नावाच्या रेणूंनी धरून असते. हे रेणू अल्फा व बीटा अशा दोन साखळ्यांच्या जोडीने बनतात. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्या असून त्यांच्या २४ जोड्या ज्ञात आहेत. इंटेग्रिनला पाया सापडला की आत ‘जगत राहा’ असा संदेश जातो, आणि पाया सुटला की तो संदेश थांबतो. रक्तात उतरलेल्या बहुसंख्य कर्कपेशी मरून जातात त्यामागे रक्ताच्या प्रवाहाचा ताण आणि प्रतिकारशक्ती यांच्याबरोबर हेही एक कारण आहे.

म्हणूनच पुंजके घातक ठरतात. २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका गटाने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की रक्तातील पुंजक्यांची नवी गाठ निर्माण करण्याची क्षमता एकट्या पेशीच्या २३ ते ५० पट असते, आणि त्या पुंजक्यांना बांधून ठेवण्यात प्लॅकोग्लोबिन या जोडणीच्या प्रथिनाचा वाटा मोठा असतो. हे पुंजके रक्तात शिरल्यानंतर जमलेले नव्हते. ते मूळ गाठीतूनच गटाने निघालेले होते.

शंकासूर
सर्व ठीक आहे, पण हे सारे उंदीर आहेत. उंदरांचा कर्करोग आपण अनेक वेळा बरा केला आहे.

पेशीजाल
शंकासूर, आक्षेप रास्त आहे, आणि मर्यादा मान्य करूनच पुढे लिहितो. सदरकरांनी उल्लेख केलेला प्रयोग बहुधा २०१९ चा, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील अँड्र्यू इवाल्ड यांच्या गटाचा असावा. त्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या वेगवेगळ्या नमुन्यांत ई-कॅडहेरिन काढून टाकले. अपेक्षेप्रमाणे पेशींची आजूबाजूला घुसण्याची वृत्ती वाढली. पण दूरच्या अवयवांतील गाठी मात्र घटल्या, कारण प्रवासात आणि नव्या जागी त्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरत होत्या. त्यांच्यात ऑक्सिजनजन्य विषारी रेणूंचा ताण वाढलेला होता. म्हणजे घुसणे हे एक काम आणि पोहोचून तग धरणे हे दुसरे. एकच रेणू पहिल्या कामात अडथळा आणि दुसऱ्यात आधार असू शकतो. माणसांमधील पुरावाही याच्याशी विसंगत नाही: स्तनाच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे डक्टल कर्करोग, आणि त्याच्या दूर पसरलेल्या गाठींतही बहुधा ई-कॅडहेरिन असते.

सूक्ष्मदर्शी
याला माझ्या काचपट्ट्यांवरील अनुभवाने दुजोरा देतो. यकृतात पसरलेल्या डक्टल कर्करोगाच्या नमुन्यात ई-कॅडहेरिनचा रंग अनेकदा सुरेख चढलेला दिसतो. ज्यांनी फक्त पाठ्यपुस्तकातील बाणांची आकृती पाहिली आहे त्यांना हे नवल वाटते.

वर्धा_रोड
मी मुखशल्यचिकित्सक आहे. स्तनाविषयी बरेच लिहून झाले, पण नागपुरात बसून या विषयावर बोलायचे आणि खर्ऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हे योग्य नव्हे. आमच्याकडे येणारा रुग्ण चंद्रपूरचा असो, गडचिरोलीचा असो की सीमेपलीकडील बालाघाटचा, गालात पन्नीतला खर्रा वर्षानुवर्षे ठेवलेला असतो. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे हे घोटलेले मिश्रण आहे. त्यातील सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दोन दशकांपूर्वीच जाहीर केले आहे, तरी ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो’ हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकावे लागते.

तोंडाच्या कर्करोगात पकडीचा प्रश्न फार वेगळ्या रूपात समोर येतो. २०१७ मध्ये डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १८ रुग्णांच्या गाठींतील एकेक पेशी स्वतंत्रपणे तपासण्यात आली. तेव्हा असे दिसले की गाठीच्या पुढच्या कडेवरील पेशी अर्धवट बदललेल्या असतात. त्या आवरणातील पेशींची ओळख सोडत नाहीत आणि फिरत्या पेशींचे काही गुणही उचलतात. अशा अर्धवट पेशींचे प्रमाण अधिक असेल तर मानेतील लसीका ग्रंथींत प्रसार होण्याची शक्यता अधिक, असा संबंध आढळला. पूर्ण सुटलेली पेशी आम्हाला जितकी वाटते तितकी भीतीदायक नसून, धरूनही ठेवणारी आणि सरकणारीही पेशी अधिक धोक्याची आहे. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही या मधल्या अवस्थेचा गणिती अभ्यास चालतो.

मानेतील हा प्रसार सुरुवातीला हाताला लागत नाही. म्हणूनच मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्यासाठी फार मोलाचा आहे. तोंडाची गाठ लहान आणि मान वरकरणी स्वच्छ असताना मानेतील ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेतच काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. वाट पाहून नंतर काढल्या तेव्हा हे प्रमाण ६७.५ टक्के होते. शंकासूर, हे उंदीर नव्हते.

शंकासूर
मान्य, आणि धन्यवाद. पानठेल्यावर हा आकडा लावावयास हवा.

खामलेकर
पानठेलेवाला म्हणेल, ८० टक्के पास होतात, मग काळजी कशाची?

काटोलचा_तात्या
एक प्रश्न बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. आमच्याकडे गावात सरसकट समज आहे की गाठीला सुई लावली, लोखंड लागले, की ती ‘फुटते’ आणि पसरते. या भीतीने लोक तुकडा तपासू देत नाहीत आणि सहा-सहा महिने जडीबुटीवर घालवतात. येथील चर्चा वाचून तर ही भीती खरीच वाटू लागली, कारण सुईने पेशी सुट्या होणारच.

सूक्ष्मदर्शी
तात्या, बरे झाले विचारलेत. सुईने काही पेशी सुट्या होतात हे खरे आहे. परंतु वर लिहिल्याप्रमाणे सुटी झालेली पेशी आणि नवी गाठ यांच्यामध्ये फार मोठे अंतर आहे: तिला जगावे लागते, कोणत्या तरी भिंतीला धरावे लागते, बाहेर पडून नव्या जागेत पाया शोधावा लागतो. गाठ दररोज स्वतःहूनच रक्तात पेशी सोडत असते, आणि त्यांतील बहुतेक मरतात. स्तनाच्या किंवा तोंडाच्या गाठीची तपासणी केल्याने रुग्णाचे आयुष्य घटते असे आढळलेले नाही. निदान लांबल्याने मात्र निश्चित घटते.

अपवाद आहेत आणि ते डॉक्टरांना ठाऊक असतात. वृषणाच्या गाठीला अंडकोषातून सुई लावत नाहीत, यकृताच्या काही गाठींत सुईच्या मार्गावर पेशी रुजण्याची थोडी शक्यता असते म्हणून पुष्कळदा निदान स्कॅनवरून करतात, आणि हाडांच्या व स्नायूंच्या सार्कोमा या कर्करोगात सुईचा मार्ग असा निवडतात की पुढे शस्त्रक्रियेत तो सगळा काढून टाकता यावा. आपल्या गावकऱ्यांना कृपया हे अपवादांसकट सांगा. अपवाद लपवले की लोकांचा विश्वास बसत नाही.

मृण्मयी
थोडे अवांतर वाटेल, पण माझ्या सासऱ्यांच्या आतड्याच्या कर्करोगानंतर दर तीन महिन्यांनी रक्तातील सीईए हा कर्करोगाचा निदर्शक तपासतात. या सीईएचा पेशींच्या पकडीशी काही संबंध आहे का?

सूक्ष्मदर्शी
अवांतर मुळीच नाही. सीईए स्वतःच पेशींना चिकटवणारा रेणू आहे. माँट्रियालमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये तो शोधला तेव्हा फक्त ‘गर्भात आणि कर्करोगात आढळणारा पदार्थ’ एवढेच कळले होते. तो पेशींना परस्परांशी जोडतो हे त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने समजले. निरोगी आतड्यात तो पेशीच्या आतड्याच्या पोकळीकडील टोकावर असतो आणि विष्ठेबरोबर निघून जातो. कर्करोगात पेशीला वर-खाली अशी दिशाच उरत नाही, तो सर्व बाजूंनी पसरतो आणि रक्तात उतरतो. एक सूचना: धूम्रपान करणाऱ्यांत तो कर्करोगाशिवायही काहीसा वाढलेला असू शकतो, त्यामुळे एका आकड्यावर घाबरू नये, चढता कल पाहावा.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात पाहतात ते सीए १९-९ याहून रंजक आहे. ती एक शर्करा-साखळी आहे, आणि रक्तवाहिनीच्या अस्तरावरील ई-सिलेक्टिन हा रेणू नेमकी तीच साखळी पकडतो. पांढऱ्या पेशी जखमेजवळ थांबण्यासाठी सिलेक्टिनचा आधार घेतात, आणि कर्कपेशी हीच सोय वापरून वाहत्या रक्तात भिंतीला टेकतात. ज्यांचा लुईस रक्तगट निगेटिव्ह असतो अशा सुमारे ५ ते १० टक्के लोकांत ही साखळी तयारच होत नाही, म्हणून त्यांचा अहवाल कर्करोग असूनही सामान्य येऊ शकतो.

शंकासूर
ठीक. मग इतके सारे ठाऊक असताना ही पकड तोडणारे औषध का नाही? इंटेग्रिन अडवा, प्रसार थांबला. मी जे वाचले त्याप्रमाणे सिलेंजिटाइड नावाचे असे औषध ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगासाठी तपासले गेले आणि २०१४ मध्ये मोठ्या चाचणीत साफ अपयशी ठरले.

पेशीजाल
ते खरे आहे. ५४५ रुग्णांच्या त्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना हे औषध जोडून आयुष्य वाढले नाही. त्याआधीच प्राण्यांत असे दिसले होते की अशा औषधाची अत्यल्प मात्रा उलट नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देते. माझे मत असे की पकड अडवण्याचे औषध बहुतेक वेळा उशिरा पोहोचते, कारण निदान होईपर्यंत पेशी आधीच नव्या जागी बसलेल्या असतात, आणि एक इंटेग्रिन अडवले तर दुसरे आहेच.

मात्र या रेणूंचा दुसरा उपयोग यशस्वी झाला आहे. नेक्टिन-४ हाही पेशींना जोडणारा रेणू असून मूत्राशयाच्या कर्करोगात तो विपुल असतो. त्याची पकड तोडण्याऐवजी त्याच्यावर नेम धरून विष पोहोचवणारे एन्फोर्टुमॅब वेडोटिन हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले. पुढे पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधाबरोबर ते पहिल्या टप्प्यातच दिले असता पसरलेल्या मूत्रमार्गीय कर्करोगातील मध्यवर्ती आयुर्मान १६.१ महिन्यांवरून ३१.५ महिन्यांवर गेले. पकडीच्या रेणूला औषधाचा पत्ता म्हणून वापरणे, हे पकड तोडण्यापेक्षा सोपे निघाले.

काटोलचा_तात्या
व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे की हृदयाची डिजॉक्सिनची गोळी कर्करोगाचे पुंजके फोडते. खरे का?

पेशीजाल
त्यामागे खरा अभ्यास आहे, म्हणूनच संदेश अधिक धोक्याचा आहे. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी स्तनाचा कर्करोग पसरलेल्या नऊ रुग्णांना डिजॉक्सिन दिले, आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे पुंजक्यांचा आकार सरासरी दोनेक पेशींनी कमी झाला. कल्पना सिद्ध झाली. रुग्ण अधिक जगले का, हे तपासण्यासाठी तो अभ्यास नव्हता.

वर्धा_रोड
आणि डिजॉक्सिनची उपयोगी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फारच थोडे असते. मूत्रपिंड अधू असलेल्या वृद्धाने मनाने ही गोळी सुरू केली तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. तात्या, तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांना एवढे जरूर कळवा.

सदरकर
सर्वांचे आभार. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी असे समजतो की लोब्युलर कर्करोगाने ई-कॅडहेरिन सोडले असले तरी तो जगण्यासाठी दुसरे काही धरून असणार. एकच शंका उरते. मावशीला दोन मुली आहेत. हा दोष त्यांच्यातही असेल का?

सूक्ष्मदर्शी
तुमची समजूत योग्य आहे. म्हणूनच हा प्रकार पसरताना पोटाचे अस्तर, अंडाशय, जठर-आतडी अशा काहीशा वेगळ्या जागा निवडतो, आणि उपचारांनंतर बऱ्याच वर्षांनी पोटाची तक्रार सुरू झाली तर ‘आम्लपित्त असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

मुलींविषयी: ई-कॅडहेरिन बनवणाऱ्या सीडीएच-१ जनुकातील दोष बहुसंख्य रुग्णांत फक्त गाठीतच निर्माण झालेला असतो, तो वारशाने पुढे जात नाही. वारशाने येणारा दोष विरळा आहे. न्यूझीलंडमधील एका मोठ्या माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात जठराचा कर्करोग होत असे, आणि १९९८ मध्ये त्याचे कारण याच जनुकात सापडले. अशा कुटुंबांतील स्त्रियांना लोब्युलर कर्करोगाचाही धोका मोठा असतो. तेव्हा घरात कोणाला पन्नाशीपूर्वी पसरट प्रकारचा जठराचा कर्करोग झाला होता का, किंवा मावशींना सत्तरीच्या आत दोन्ही स्तनांत लोब्युलर गाठी आहेत का, हे पाहा. यांपैकी काही असल्यास जनुकीय समुपदेशकाकडे जावे, आणि रक्ताची चाचणी प्रथम मावशींची व्हावी, मुलींची नंतर. नसल्यासही हा प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे मांडा, कारण स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या बीआरसीएसारख्या इतर जनुकांचा विचार वेगळ्या निकषांवर होतो.

सदरकर
मावशीच्या आईला पोटाचा काहीतरी आजार होता एवढेच घरात बोलले जाते. जुने कागद उमरेडच्या घरी असावेत. या रविवारी जाऊन शोधतो आणि समुपदेशकाची वेळही घेतो.